तारेखालची जमीन आणि बाबासाहेबांचे वीज खाते

१४ एप्रिल जवळ आला की मोबाइलवर एक चित्र फिरू लागते. सुटातले बाबासाहेब, मागे उंच लोखंडी मनोरा आणि खाली ठळक अक्षरांत ते भारताच्या पॉवर ग्रिडचे जनक असल्याची ओळ. मावळातल्या आमच्या ग्रुपांवरही ते दरवर्षी येते, जय भीम म्हणून पुढे जाते आणि १५ तारखेला विसरले जाते. चित्र खोटे नाही, अपुरे आहे. बाबासाहेबांनी विजेसाठी नेमके काय केले, कोणत्या खुर्चीत बसून केले आणि त्यांच्या हातून काय राहिले, हे त्यात कुठेच नाही.

मला हे शोधावे लागले ते कामामुळे. दोन वर्षांपूर्वी मावळातल्या एका बौद्धवस्तीच्या जमिनीत लाल रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या आढळल्या. जमीन जुन्या महार वतनाची. कोणी ठोकल्या, कोणाला विचारून ठोकल्या, कोणाला ठाऊक नव्हते. वीजवाहिनीची मोजणी आहे, एवढेच आठवड्याभराने कळले. वस्तीतली एक आजी मला म्हणाली की बाबासाहेब असते तर त्यांनी असे होऊ दिले नसते. मी मान हलवली, पण घरी आल्यावर वाटले, खरेच तसे आहे का? विजेचे खाते तर चार वर्षे त्यांच्याकडेच होते.

म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. बालपणाची काही वर्षे साताऱ्यात गेली. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत वीज नव्हती. वडील रामजी सुभेदार मुलाला मध्यरात्रीनंतर उठवत आणि रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात तो पहाटेपर्यंत अभ्यास करी. पुढे हे कुटुंब परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेले. बाबासाहेबांच्या आयुष्यातली बरीच वर्षे या गिरणगावात गेली, हे लक्षात ठेवा. कारण मावळचे पाणी वीज होऊन पहिल्यांदा पोचले ते याच परळमध्ये.

८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची कोनशिला बसवली. टाटा हायड्रो कंपनीची ही योजना. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांत घाटमाथ्यावरचा पाऊस साठवायचा, तो नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचा, तिथे जनित्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज सुमारे ७० किलोमीटर लांब तारांवरून परळच्या केंद्रात आणायची. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पुढे आंध्र खोऱ्यातल्या ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि मुळशीच्या पाण्यावर १९२७ मध्ये भिराचे वीजघर आले. जमीन मावळ-मुळशीची, पाऊस सह्याद्रीचा आणि पहिली गिऱ्हाइके मुंबईच्या कापडगिरण्या.

खोपोलीचे चक्र फिरले तेव्हा बाबासाहेब तिथे नव्हते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले होते आणि १९१५ मध्येच कोलंबिया विद्यापीठातून एम. ए. झाले. डबक चाळीतून थेट विजेने झळाळणाऱ्या शहरात आलेल्या त्या तरुणाला काय वाटले असेल याची कल्पना करण्याचा मोह होतो. पण तो विषय त्यांनी मनात कसा साठवला हे त्यांच्या कामातूनच पाहिलेले बरे.

१९१७ मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे सिडनहॅम म्हणजे वळवणची कोनशिला बसवणारे तेच गव्हर्नर क्लार्क, पुढे लॉर्ड सिडनहॅम झालेले. १९१८ मध्येच त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. आमच्या पोरांनी बाबासाहेबांचे एकच आर्थिक लिखाण वाचायचे ठरवले तर मी हा निबंध हातात देईन. त्या वेळी बहुतेक जाणकार सांगत होते की तुकडे एकत्र करा, शेतीचे दुखणे बरे होईल. बाबासाहेबांनी रोग दुसरीकडे दाखवला. जमिनीवर माणसे फार आहेत, त्यांना दुसरे काम नाही, म्हणून तुकडे पडतात. या हातांना उद्योगात काम मिळाले तरच शेतीवरचा भार उतरेल. उद्योगाला शक्ती लागते आणि शक्ती म्हणजे वीज. पंचवीस वर्षांनी ते विजेच्या समितीत बोलायला उभे राहिले तेव्हा याच विचाराचे पुढचे पाऊल टाकत होते.

पण उद्योग आला की जात आपोआप गळून पडते, असे त्यांनी कधी मानले नाही. परळमध्येच त्यांनी उलट पाहिले होते. मावळच्या विजेवर चालणाऱ्या त्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. तिथे तुटलेला धागा तोंडात ओला करून जोडावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. जास्त पगाराचे काम त्यामुळे हातचे जाई. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्र इंग्लंडचे, वीज लोणावळ्याची आणि नियम मनूचा, असा तो कारखाना होता.

याच वर्षी त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. वतनाची जमीन म्हणजे मालकी नव्हे, गावकीच्या राबणुकीचा खुंटा, हे त्यांना दाखवायचे होते. वतनदार रात्रंदिवस सरकारचा आणि गावाचा नोकर, मोबदला नावाला. जमीन नावावर असली तरी तिच्याबाबत विचारले जाण्याचा हक्क नसेल तर ती मालकी कसली, हा प्रश्न बाबासाहेब १९२८ पासून विचारत होते. वतन त्यांच्या हयातीत गेले नाही. त्याला १९५८ चा कायदा यावा लागला आणि जमिनी परत मिळाल्या त्याही नवीन शर्तीने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. आमच्या सातबाऱ्यावरचा तो वर्ग दोनचा शेरा तिथून आला.

आता थोडे कायद्याकडे वळावे लागेल. विजेची तार कोणाच्या शेतावरून न्यायची तर परवानगी कोणाची लागते? १९१० च्या भारतीय वीज कायद्यात उत्तर दोन तोंडांचे होते. साधा परवानाधारक जमीनमालकाच्या संमतीशिवाय खांब रोवू शकत नव्हता. पण सरकारला वाटले तर ते त्या कंपनीला तार खात्याचे अधिकार बहाल करू शकत होते. तार खात्याचे अधिकार म्हणजे १८८५ चा टेलिग्राफ कायदा. त्या कायद्याने तारमास्तराला कोणाच्याही जमिनीवरून, खालून, आडवी तार नेता येई. जमीन संपादन होत नाही, ती मालकाच्याच नावावर राहते. फक्त वापर खात्याचा. नुकसान झाले तर भरपाई. मालकाने अडवले तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा हुकूम. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज. तार नेण्यापूर्वी मालकाची संमती हा प्रकारच त्यात नाही. १८५७ पाहिलेल्या सरकारने तारायंत्रासाठी केलेला तो कायदा. बातमी आणि हुकूम वेगाने जावेत, शेतकऱ्याची कुरकुर वाटेत येऊ नये.

त्याच साम्राज्याच्या राजधानीत मात्र वेगळे चालले होते. ब्रिटनच्या १९१९ च्या वीजपुरवठा कायद्यात जमिनीवरून तार न्यायची तर मालकाला आणि कसणाऱ्याला नोटीस द्यावी लागे. त्याने नकार दिला तर मंत्री परवानगी देऊ शकत, पण सर्वांचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच. बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनमध्ये होते, अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी एकाच वेळी करत. त्या लंडनला तेव्हा डझनावारी कंपन्या वेगवेगळ्या दाबाची वीज पुरवत होत्या. १९२६ मध्ये ब्रिटिश संसदेने मध्यवर्ती वीज मंडळ नेमले, १९२८ मध्ये एडिनबराजवळ पहिला मनोरा उभा राहिला आणि गोलमेज परिषदांसाठी १९३० ते १९३२ मध्ये बाबासाहेब पुन्हा तिथे गेले तेव्हा राष्ट्रीय ग्रिडचे काम देशभर चालू होते. विस्कळीत खासगी वीजघरे एका सार्वजनिक जाळ्यात बांधता येतात, याचा तो डोळ्यासमोरचा धडा होता.

इकडे मुळशीत १९२१ ते १९२४ हा काळ धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाचा होता. रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ ला तो सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले आणि तरी धरण झाले. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने गेली. सार्वजनिक हित या शब्दाखाली कंपनीसाठी जमीन घेता येते, हे आपल्या भागातल्या मावळ्यांना तेव्हाच कळले होते.

मधली वर्षे सर्वांना माहीत आहेत. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ मध्ये कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक, १९३८ चा मोठा संप. त्यावर खूप लिहिले गेले आहे. मी थेट जुलै १९४२ वर येतो.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर सदस्य झाले आणि २० जुलै १९४२ ला त्यांनी दिल्लीत सूत्रे हाती घेतली. मजूर खाते म्हटल्यावर आपल्याला कामाचे आठ तास, खाणीतल्या स्त्रिया, किमान वेतन आठवते, आणि ते योग्यच. पण त्या काळी सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीजही याच खात्यात होती. युद्ध चालू होते. युद्धानंतर देश कसा उभा करायचा याच्या समित्या नेमल्या जात होत्या. त्यातली सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांची धोरण समिती बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली होती.

२५ ऑक्टोबर १९४३ ला दिल्लीत तिची पहिली बैठक झाली. प्रांतांचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी समोर बसले होते. बाबासाहेबांनी तिथे घोषणा केल्या नाहीत, प्रश्न मांडले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असेल तर जनतेच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालायच्या? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? केंद्राची असेल तर वीज स्वस्त, मुबलक आणि वाया न जाता कशी पोचवायची? एकेक प्रश्न मांडताना ते स्वतःचा कलही दाखवत होते. तो होता सार्वजनिक मालकीकडे आणि देशपातळीवरच्या नियोजनाकडे. आणि हे सारे कशासाठी, तर १९१८ च्या निबंधात आलेल्या त्याच माणसासाठी. स्वस्त आणि भरपूर वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योग उभे राहिले नाहीत तर शेतीवर अडकलेला गरीब पिढ्यान्‌पिढ्या गरीबच राहील, अशी ती मांडणी होती. विजेच्या बैठकीत दारिद्र्याची चर्चा काढणारा हा मंत्री अधिकाऱ्यांना नवाच वाटला असणार.

मला या भाषणातली एक गोष्ट समाजशास्त्राची विद्यार्थी म्हणून महत्त्वाची वाटते. वीज हा तंत्रज्ञांचा विषय आहे असे ते मानत नाहीत. कोणाची मालकी, कोणाचा निर्णय, कोणाला फायदा हे आधी; दाब आणि तारांची जाडी नंतर. प्रांत आणि केंद्र यांच्या पैशांच्या संबंधांवर त्यांनी पुस्तक लिहिले होते, त्यामुळे पैसे कोणी घालायचे आणि हुकूम कोणाचा चालायचा या वादाची नस त्यांना ठाऊक होती.

पुढची दोन वर्षे झपाट्याची गेली. देशाच्या वीजयोजना एकत्र पाहील, पाहणी करील, आराखडे काढील असे मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ आकाराला आले. पाण्यासाठी तसेच मध्यवर्ती मंडळ १९४५ मध्ये झाले, त्याचे प्रमुख ए. एन. खोसला. २ फेब्रुवारी १९४५ ला धोरण समिती पुन्हा भरली. त्याआधी ३ जानेवारीला कलकत्त्यात दामोदर खोऱ्याची परिषद झाली. १९४३ च्या पुराने बंगालचे हाल केले होते. पूर अडवायचा, पाणी शेतीला द्यायचे, वीजही काढायची आणि हे सारे बंगाल, बिहार आणि केंद्र या तीन सरकारांनी मिळून एका यंत्रणेमार्फत करायचे, हा नमुना अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा. टेनेसीत काम केलेले अभियंता वूर्डुइन यांना दामोदरच्या आराखड्यासाठी आणले गेले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीची परिषद झाली, त्यातून पुढे हिराकुड आले. नदी प्रांताची हद्द मानत नाही, वीजही मानत नाही, म्हणून नियोजन हद्दीपलीकडे हवे, हा धागा या सगळ्या बैठकांत सलग दिसतो.

१९४६ च्या मध्याला जुने कार्यकारी मंडळ गेले आणि बाबासाहेबांचे खातेही संपले. इथे चित्रवाल्या मित्रांना एक गोष्ट सांगायला हवी. वीजपुरवठा कायदा १० सप्टेंबर १९४८ चा. त्यातून राज्यांची वीज मंडळे आणि केंद्रीय वीज प्राधिकरण आले. तो कायदा मांडला आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ यांनी, ते तेव्हा बांधकाम, खाणी आणि वीज या खात्याचे मंत्री होते. बाबासाहेब त्याच मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. मनोरे अभियंत्यांनी उभारले. मग बाबासाहेबांचे काय? विखुरलेल्या कंपन्यांचा धंदा असलेल्या विजेला त्यांनी देशाच्या नियोजनाचा आणि गरिबीच्या प्रश्नाचा विषय बनवला, त्यासाठी पहिली मध्यवर्ती यंत्रणा उभी केली आणि पुढच्या कायद्याची वाट आखली. एवढे श्रेय पुष्कळ आहे. जनक म्हणून सगळेच त्यांच्या नावावर टाकले की विरोधकाला एक तारीख दाखवून सगळेच खोडता येते.

आणि राहिलेले? १९४८ च्या कायद्याने मोठी योजना राजपत्रात छापून हितसंबंधीयांची म्हणणी मागवायची सोय केली. पण प्रत्यक्ष तार नेण्यासाठी मंजूर योजनेत मंडळाला पुन्हा तेच १८८५ चे तार खात्याचे अधिकार दिले. मालक बदलला, गोरा जाऊन आपला आला, मधली कंपनी जाऊन सरकारी मंडळ आले. तारेखालच्या माणसाला विचारायचे की नाही, हा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. सरकार गरिबांसाठी वीज आणते आहे तर ते गरिबांवर अन्याय करणार नाही, असा तेव्हाच्या अनेकांचा विश्वास असावा. स्वतः बाबासाहेबांनी १९४७ च्या आपल्या आराखड्यात मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे मांडले होते. सरकारी मालकी हवीच, पण सरकारलाही विचारणारे कोणी हवे, ही त्यांचीच शिकवण या एका कलमापुरती कायद्यात उतरली नाही. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी हे दडवू नये.

राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, १९३५ च्या कायद्यातही ती तिथेच होती. म्हणून आजही वाहिनीच्या परवानगीत दिल्ली आणि मुंबई दोघांचे हात असतात.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. मावळशी त्यांचे नाते या उत्तर काळात दिसते. तळेगाव दाभाडे इथे त्यांची जमीन आणि बंगला होता, तो आज स्मारक म्हणून जपला आहे. मावळच्या उंबरठ्यावर देहूरोडला लष्करी डेपोच्या कामगारवस्तीत विहार उभा राहिला. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून आले आणि २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराच्या जवळपास दोन वर्षे आधीची ही घटना. आपल्या तालुक्यातली मुले दरवर्षी त्या दिवशी तिथे जातात. त्यांच्यातली किती कार्ल्याच्या चैत्यगृहातले शिलालेख वाचून आली आहेत, हे मी विचारते तेव्हा हात फार वर होत नाहीत.

वाचायला हवेत, कारण मावळ हे नाव तिथे आहे, मामालाहार म्हणून. सातवाहन राजाने मामालच्या अमात्याला पाठवलेला हुकूम तिथे कोरलेला आहे. करजक गाव वलूरकच्या लेण्यातल्या भिक्खूंना दिले आहे. त्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरायचे नाही, तिला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचे नाही. मावळातल्या जमिनीत सरकारी माणसाने केव्हा पाऊल टाकावे, हे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवावेसे कोणाला तरी वाटले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण. विमानाने पार्थिव मुंबईला आले आणि गिरण्यांचे कामगार लाखोंनी रस्त्यावर उतरले.

त्यांनी कल्पिलेले एक जाळे पूर्ण व्हायला आणखी सत्तावन्न वर्षे लागली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी जोडला गेला. काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रिड. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैत देशातली शेवटची तार पाठवली गेली आणि तार सेवा बंद झाली. तार गेली, तारेचा कायदा मात्र राहिला. २००३ च्या वीज कायद्यात वाहिनीला सरकारची पूर्वमान्यता लागते. नियमांप्रमाणे मालकाची संमती घ्यायची, त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जायचे, अशी एक वाट आहे. पण कलम १६४ खाली सरकारने तार खात्याचे अधिकार दिले की ही वाट ओलांडता येते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की अशा वेळी मालकाची पूर्वसंमती लागत नाही. टेलिग्राफ कायदा रद्द करणारा २०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्यात वीजवाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा तो भाग जिवंत ठेवला गेला. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या यादीत वीजवाहिन्या नाहीत, म्हणजे त्यासाठीची जनसुनावणीही नाही. वनहक्क कायद्यातली ग्रामसभेची संमती ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, पाइपलाइन आणि वाहिन्यांसाठी, अतिदुर्बल आदिवासी गट वगळता, सैल केली.

पैशाची बाजू थोडी सुधारली, लोक भांडले म्हणून. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ च्या सूचनांत ते २०० आणि ३० टक्के झाले. राज्यांनी ते स्वीकारायचे असते. पट्टा लहान नसतो, ४०० केव्हीच्या वाहिनीला सुमारे ४६ मीटर रुंद. त्यात घर बांधता येत नाही, आंबा वाढवता येत नाही. एकरभर जमीन असलेल्याचे शेतच पट्टा होऊन जाते.

मावळात हे संपलेले नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार केले, त्यात टाटा पॉवरचा शिरवट्याचा १८०० मेगावॉटचा आहे, टोरंटचा मावळचा १२०० मेगावॉटचा आहे. रात्रीचे किंवा दुपारचे स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. सूर्य-वाऱ्याच्या विजेला असे साठे लागतातच, मी त्याच्या विरोधात नाही. पण एवढी वीज यायला आणि जायला तारा लागतील आणि त्या कोणाच्या तरी शेतावरून जातील.

त्या आजीच्या जमिनीवरून वाहिनी गेली. मनोरा शेजारच्या गटात उभा राहिला, तिच्या वाट्याला पट्टा आला. सातबाऱ्यावर तिच्या चुलत दिरांची दोन नावे होती, बाकीच्या नऊ वारसांची नोंद तीस वर्षांत कोणी केली नव्हती. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा त्या दोन नावांवर झाला, चेक त्यांच्याच खात्यात गेला. तिच्या भाताचे नुकसान कागदावर कुठेच नव्हते. आम्ही सर्व वारसांचे दाखले गोळा केले, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र केले आणि तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज दिला. भरपाईच्या वाटपाचा वाद जिल्हा न्यायाधीशांकडे नेण्याची तरतूद त्या १८८५ च्या कायद्यातच आहे, तीही वकिलांना दाखवली. आता वस्तीतली चार पोरे आठवड्यातून एकदा विहारात बसून सगळ्या गटांचे उतारे ऑनलाइन काढतात आणि कोणाचे नाव कुठे नाही ते वहीत लिहितात. आजीचा फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे.